घरगुती सुगंधी तेल : सुरुवात गवती चहापासून

अत्तर आपल्या समाजाला नवे नाही. नवव्या शतकात अल-किंदी यांनी सुगंध आणि ऊर्ध्वपातन या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहून शंभरावर कृती दिल्या. आज मात्र मुहम्मद अली रोडवरून बाटल्या आणून पनवेलला विकणारे पुष्कळ, तेल काढणारा विरळा. ज्यांना हा हुनर शिकायचा आहे त्यांनी गुलाबाच्या मागे लागू नये, असे आमचे मत आहे. एक किलो गुलाबतेलाला सुमारे चार हजार किलो पाकळ्या लागतात. घरच्या भांड्यात फक्त गुलाबपाणी मिळेल.

गवती चहा कोकणात परसातच उगवतो. ताज्या पानांत किलोमागे साधारण तीन ग्रॅम तेल असते. पाने एक दिवस सावलीत ठेवून बोटभर तुकडे करावेत. मोठ्या कुकरच्या तळाला पाणी, वर जाळी, जाळीवर पाने. शिट्टी काढून तिथे तांब्याची नळी बसवावी, सांधा कणकेने लिंपावा. नळीचे वेटोळे थंड पाण्याच्या बादलीत बुडवून टोक बाटलीत सोडावे. हे टोक कधीही बंद होऊ देऊ नये आणि कुकरमधले पाणी आटू देऊ नये. दोन्हींत स्फोटाचा किंवा आगीचा धोका आहे. मंद आचेवर दीड-दोन तास पुरतात. (शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे, नाहीतर हातभट्टीचा संशय यायचा!)

बाटलीत तेल पाण्यावर तरंगते, ते सिरिंजने उचलावे. लवंगेचे तेल उलट तळाला बसते. वाळ्याचे तेल पाण्याइतकेच जड, त्यामुळे लवकर वेगळे होत नाही. शिवाय मुळांना रात्रंदिवस आच लागते. वाळा नंतर घ्यावा.

मिश्रण थेंबांनी नव्हे, वजनानेच करावे आणि प्रत्येक वेळी वहीत लिहावे. गवती चहाचे तेल अंगाला थेट लावू नये, खाज सुटते. अंगाला लावायच्या शंभर ग्रॅम मिश्रणात ते अर्ध्या ग्रॅमच्या आत ठेवावे. मिश्रण तीन-चार आठवडे अंधारात मुरले की मगच वास पारखावा.

कन्नौजचे कारागीर देगेतली वाफ चोंग्यातून भपक्यात नेतात, आणि भपक्यात आधीच चंदनतेल असते. चंदन महागल्यापासून अनेक ठिकाणी त्याजागी पॅराफिन तेल वापरतात. त्यात हरकत नाही. हरकत आहे ती त्याला चंदन म्हणून विकण्यात. आम्ही कापडवाले. टेरिकॉट सुती म्हणून खपवणारा दुकानदार आम्ही पाहिला आहे. एका धुण्यात गिऱ्हाईक गेले. सूरह मुतफ्फिफीन मापात मारणाऱ्यांबद्दल आहे, पण बाटलीवरचे नाव हेही मापच.

ज्यांना पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी कन्नौजला १९९१ मध्ये स्थापन झालेले सरकारी सुगंध व सुरस विकास केंद्र आहे. तिथे प्रशिक्षण मिळते. विक्री करायची असल्यास आधी अन्न व औषध प्रशासनाकडे परवान्याची चौकशी करावी.