रमजान महिना : स्वेच्छेने पत्करलेली भूक

(शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

पाठाचे प्रयोजन

वसई तालुक्यातील निर्मळ हे गाव आपल्या जिल्ह्यातील शिक्षकांस अपरिचित नाही. शंकराचार्यांचे समाधिमंदिर, तेथील तलाव आणि कार्तिक वद्य एकादशीस सुरू होणारी यात्रा यांमुळे त्याची कीर्ती दूरवर गेली आहे. त्याच गावी ख्रिस्ती बांधवांचे होली क्रॉस चर्च आहे आणि तेथून जवळच सोपारे येथे मुसलमानांची जुनी वस्ती आहे. या परिसरातील शाळेत एकादशी पाळणाऱ्या घरची, ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ पाळणाऱ्या घरची आणि रमजानचे रोजे ठेवणाऱ्या घरची मुले एकाच वर्गात बसू शकतात.

पहिल्या दोन व्रतांची शिक्षकांस थोडीफार ओळख असते. रमजानविषयी मात्र, मुसलमान लोक महिनाभर दिवसा जेवत नाहीत व शेवटी ईद साजरी करतात, एवढेच पुष्कळांस ठाऊक असते. या बाह्य माहितीच्या मागे जो आशय आहे, तो ध्यानी घेतल्यावाचून या विषयावरील पाठ मुलांच्या मनाला भिडणार नाही. तो आशय स्पष्ट करणे हा या टिपणाचा हेतू होय.

महिन्याची गणना

रमजान हा हिजरी वर्षाचा नववा महिना. हिजरी कालगणनेचा आरंभ इ. स. 622 मध्ये पैगंबर महंमद यांनी मक्केहून मदिनेस केलेल्या स्थलांतरापासून धरतात. हे वर्ष केवळ चंद्रावर अवलंबून असल्याने 354 किंवा 355 दिवसांचे असते; म्हणजे सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान. आपल्या पंचांगातील महिनेही चांद्रच आहेत. परंतु ऋतूंशी मेळ राहावा म्हणून त्यांत सुमारे तीन वर्षांतून एकदा अधिक मास घालतात. सन 2023 मध्ये असा अधिक श्रावण आला होता. इस्लामी गणनेत अधिक महिना धरण्यास मनाई आहे. म्हणून रमजान दरवर्षी मागे सरकतो. भारतात पहिला रोजा सन 2023 मध्ये 24 मार्चला, सन 2024 मध्ये 12 मार्चला आणि सन 2025 मध्ये 2 मार्चला होता.

अशा रीतीने सुमारे 33 वर्षांत हा महिना सर्व ऋतूंतून फिरून येतो. ज्याने बालपणी थंडीच्या आखूड दिवसांत पहिला रोजा ठेवला, त्यास पुढे वैशाखाच्या उन्हातही तो ठेवावा लागतो. सोयीचा ऋतू निवडण्याची मुभा या व्रतात नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावी.

सन 2025 मध्ये महाशिवरात्र 26 फेब्रुवारीस, पहिला रोजा 2 मार्चला आणि ख्रिस्ती उपवासकाळाचा आरंभ करणारा राखेचा बुधवार 5 मार्चला आला. आठ दिवसांच्या आत तीन धर्मांची व्रते! ईस्टरचा रविवारही वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवरून ठरतो; तेव्हा या तिन्ही व्रतांच्या तिथी चंद्राकडे पाहूनच निश्चित होतात, हे मुलांना सांगावे. कोळीवाड्यातील मुलांना अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची ओळख घरीच झालेली असते. त्यांना हा भाग चटकन समजेल.

रोजाचे स्वरूप

मुसलमानांच्या श्रद्धेप्रमाणे इ. स. 610 च्या सुमारास याच महिन्यातील एका रात्री कुराणाच्या अवतरणास प्रारंभ झाला. त्या रात्रीस लैलतुल कद्र, आपल्याकडील बोलीत शबे कद्र, असे म्हणतात. ती शेवटच्या दहा रात्रींपैकी एक मानली जाते. ती नेमकी कोणती, हे निश्चित न सांगितल्यामुळे भाविक त्या सर्वच रात्री जागून प्रार्थना करतात. काहीजण मशिदीतच मुक्काम करून एकांतात उपासना करतात, त्यास एतिकाफ म्हणतात. हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इ. स. 624 मध्ये, रमजानचे रोजे कर्तव्य म्हणून विहित झाले.

पहाटेचा पहिला उजेड फुटण्यापासून सूर्यास्तापर्यंत अन्न व पाणी दोन्ही वर्ज्य. पहाटेपूर्वीच्या अल्पाहारास सहरी आणि सूर्यास्तानंतर उपवास सोडण्यास इफ्तार म्हणतात. इफ्तार बहुधा खजूर व पाणी घेऊन करतात. रात्रीच्या नमाजानंतर तरावीहची विशेष नमाज होते व तीत कुराणाचे पठण चालते.

रोजाचा आरंभ मात्र मनातील संकल्पाने, नियतीने, होतो. संकल्पावाचून घडलेली उपासमार हा रोजा नव्हे. रोजाचा हेतू कुराणात ‘तकवा’ या शब्दाने सांगितला आहे. ईश्वर आपणांस पाहत आहे या जाणिवेने स्वतःस आवरून धरणे, असा त्याचा भावार्थ होय. बंद खोलीत घोटभर पाणी प्यायले तर कोणास कळणार? तरीही रोजेदार ते पीत नाही. पहारेकरी नसताना पाळलेला नियम हाच खरा नियम, हे तत्त्व नीतिपाठात याहून सोप्या उदाहरणाने क्वचितच सांगता येईल. जो असत्य बोलणे सोडीत नाही, त्याने अन्नपाणी सोडल्याची ईश्वरास गरज नाही, अशा आशयाचे पैगंबरांचे वचन प्रसिद्ध आहे. जिभेचा, डोळ्यांचा व रागाचाही रोजा असतो तो या अर्थाने.

भुकेपासून दानाकडे

या महिन्याचे मर्म येथेच संपत नाही. ज्याच्या घरी भाताचे मडके भरलेले आहे, तो दिवसभर उपाशी राहतो तेव्हा, ज्याच्या घरी मडके रिकामे आहे त्याचा दिवस कसा जातो, हे त्यास पोटातून कळते. भूक दोन प्रकारची असते : एक आपण पत्करलेली, दुसरी आपल्यावर लादलेली. पहिलीने दुसरीची ओळख पटवावी, हा रमजानचा मोठा धडा आहे.

म्हणूनच उपवासाला दानाची जोड आहे. ठराविक मर्यादेहून अधिक संपत्ती वर्षभर जवळ राहिली, तर तिचा चाळिसावा भाग गरजूंस देणे हे कर्तव्य होय. त्यास जकात म्हणतात. वर्षभर शिल्लक राहिलेली रक्कम 80,000 रुपये असेल, तर जकात 2,000 रुपये होईल. पुष्कळ लोक ती रमजानमध्येच देतात. शिवाय ईदच्या नमाजापूर्वी घरातील प्रत्येकामागे, तान्ह्या मुलामागेही, फित्रा द्यावयाचा असतो. हेतू हा की, सणाच्या दिवशी गरिबाचीही चूल पेटावी.

आपल्या जिल्ह्यास या औदार्याचा जुना वारसा आहे. दहाव्या शतकातील अरब लेखक मसूदी याने या किनाऱ्यावरील नगरांत सोपाऱ्याचा ‘सुबारा’ या नावाने उल्लेख केला आहे. त्याच काळातील, शके 848 म्हणजे इ. स. 926 चा, एक राष्ट्रकूट ताम्रपट डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे मिळाला. त्यात संजाण प्रांताचा अधिकारी म्हणून महंमद नावाच्या ताजिकाचा, म्हणजे अरबाचा, उल्लेख येतो. त्याने नद्यांवर मोफत तरीची सोय केली आणि अन्नछत्र घालून लोकांस भात, कालवण व तूप विनामूल्य दिले, असे त्यात वर्णिले आहे. एवढेच नव्हे, तर देवीच्या मठास भूमिदान देण्याच्या कामी त्याची संमती होती. हा लेख रमजानविषयीचा नाही. परंतु भुकेल्याची जात वा धर्म न विचारण्याची रीत या किनाऱ्यावर हजार वर्षांपूर्वीही होती, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

वर्गात घ्यावयाची काळजी

1. वयात न आलेल्या मुलांवर रोजाचे बंधन नाही. आजारी, प्रवासी, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांनाही सवलत आहे. तरीही काही मुले हौसेने एखादा रोजा ठेवतात. अशा मुलास कवायतीत किंवा उन्हातील खेळात ओढू नये. त्यास भोवळ आल्यास पाणी द्यावे व पालकांस कळवावे. जिवावर बेतेपर्यंत उपवास ताणावा, असे त्यांचा धर्मही सांगत नाही.

2. रोजा ठेवणाऱ्याचे भर वर्गात कौतुक करू नये आणि न ठेवणाऱ्यास ‘तू का जेवतोस?’ असे विचारू नये. व्रत हा ज्याच्या त्याच्या मनाचा व्यवहार आहे.

3. पोषण आहाराच्या वेळी जे मूल पानावर बसत नाही, ते व्रतामुळे की लाजेमुळे, की दुखण्यामुळे, हे एकीकडे बोलावून हळुवारपणे जाणून घ्यावे. सकाळी घरी चूल न पेटल्यामुळे कोमेजून बसलेले मूलही त्याच वर्गात असते. त्याची भूक कोणत्याही पंचांगात लिहिलेली नसते. ती शिक्षकानेच ओळखावी लागते.

4. तीन व्रतांची तुलना करताना कोणते कठीण व कोणते सोपे, अशी चर्चा होऊ देऊ नये. प्रत्येक व्रत काय सोडावयास सांगते आणि काय द्यावयास सांगते, एवढेच विचारावे.

उपक्रम व प्रश्न

(अ) अमावास्येनंतर दोन दिवस सूर्यास्ताच्या सुमारास, निर्मळजवळील कळंबच्या किनाऱ्यासारख्या मोकळ्या जागेवरून, मोठ्या माणसांच्या सोबतीने पश्चिमेकडे चंद्रकोर शोधा. ती केव्हा दिसली, याची नोंद वहीत करा.

(आ) हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा 11 दिवसांनी लहान धरल्यास, आज उन्हाळ्यात येणारा सण किती वर्षांनी पावसाळ्यात येईल?

(इ) 1,20,000 रुपये बचतीवरील जकात काढा.

(ई) आपल्या घरी पाळल्या जाणाऱ्या एका व्रताची माहिती घरच्या वडीलधाऱ्यांस विचारा. त्या दिवशी वाचलेले अन्न कोणास मिळते, हेही विचारून पाच ओळी लिहा.

शेवटच्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकांनी लक्षपूर्वक वाचावीत. पाठ मुलांच्या मनापर्यंत पोहोचला किंवा नाही, हे त्यांवरून कळेल.