ग्राहकाचा अभिप्राय ही एक गवाही आहे

मुळशी तालुक्यात लवळे-पिरंगुटच्या बाजूला आता कॉलेजची मुले पुष्कळ राहतात. त्यांच्यातील काहींना गिटारची हौस असते आणि ती मोबाईलवरूनच मागविली जाते. वाद्य वाजविणे योग्य की अयोग्य याविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत. तो आजचा विषय नाही. आमचा प्रश्न तिजारतीचा आहे. वस्तू हातात न घेता पैसे मोजणाऱ्याने भरवसा कशावर ठेवावा? ज्याने ती आधी वापरली, त्याच्या खऱ्या बोलण्यावर.

कापड दुकानात चुरगळून पाहता येते, पण रंग पक्का की कच्चा हे पहिल्या धुण्यातच कळते. गिटारचेही तसेच आहे. नवी असताना सगळ्याच चमकतात. परंतु लाकूड हवेतील ओलावा पिते. ताम्हिणीकडचा पाऊस सर्वांना माहीत आहे. अशा हवेत गिटारची वरची फळी फुगते, तारा उंच होतात, शिकणाऱ्याची बोटे दुखतात; कधी तारा बांधायचा ब्रिजही उखडू लागतो. कोरड्या हवेत लाकूड आकसते आणि पट्टीवरच्या धातूच्या फ्रेटची टोके हाताला टोचतात. म्हणून कोरड्या मुलखातील ग्राहकाने पहिल्याच दिवशी लिहिलेले 'उत्तम' मुळशीच्या ग्राहकाला फारसे उपयोगी नाही. येथे एक पावसाळा काढलेल्या माणसाच्या दोन ओळी त्याहून मोलाच्या आहेत.

मिरजेचे उदाहरण पाहा. तेथील शिकलगार घराणी मूळची हत्यारांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात ते काम कमी झाले, तेव्हा फरीदसाहेबांनी वाद्यांची दुरुस्ती व पुढे सतार-तंबोरे बनविण्याचे काम हाती घेतले. तंबोऱ्याची जवारी नीट बोलत नसेल तर गवई तसे तोंडावर सांगतो आणि कारागीर घोडी पुन्हा घासून देतो. समाधान झाले की तोच गवई चार जणांना मिरजेचा पत्ता देतो. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन २०२४ साली मिळाले. नाव मात्र वापरणाऱ्यांच्या बोलण्यातून पिढ्यान्‌पिढ्या आधीच झालेले होते.

आपल्या दीनने या बाबतीत विक्रेत्याला स्पष्ट ताकीद दिली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतील धान्य ओले लागले. ओला भाग वर का ठेवला नाही, असे त्यांनी विचारले व फसवणुकीचा कडक निषेध केला, ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. खरेदीचा इरादा नसताना केवळ भाव चढविण्यासाठी बोली लावणे, ज्याला 'नज्श' म्हणतात, तेही मना आहे. पैसे घेऊन लिहिलेली खोटी तारीफ ही आमच्या मते त्याचीच बहीण आहे.

काही बांधव विचारतात, मालाचा ऐब चारचौघांत सांगणे ही गीबत नाही काय? इमाम नववी यांनी 'रियाजुस्सालिहीन'मध्ये गीबतीला सहा अपवाद सांगितले आहेत; लोकांना नुकसानीपासून सावध करणे हा त्यातील एक. मात्र गोष्ट मालापुरतीच ठेवावी. दुकानदाराच्या घराण्यावर किंवा जातीवर घसरणे म्हणजे अभिप्राय नव्हे.

कायद्याचेही असेच म्हणणे आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने स्वतःच ग्राहक बनून अभिप्राय लिहिण्यास मनाई आहे. भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली अशा अभिप्रायांसाठी आय. एस. १९००० हे मानक काढले. फसवणूक झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

अभिप्राय देताना चार गोष्टी पाळाव्यात :

१) वस्तू किती दिवस वापरली व कोणत्या हवेत, ते लिहावे.

२) 'बेकार' किंवा 'झकास' एवढ्यावर थांबू नये. तारा उंच आहेत, खुंट्या ढिल्या होतात, सूर टिकत नाही, असे नेमके सांगावे.

३) गुण व ऐब दोन्ही सांगावेत. खोके उशिरा आले हा दोष पोहोचविणाऱ्याचा. त्यासाठी गिटारला नावे ठेवू नयेत.

४) दुकानदाराने बदलून किंवा दुरुस्त करून दिले, तर तेही तितक्याच मोकळेपणाने लिहावे.

व्यापारी बंधूंनाही एक विनंती. एकदा एका बाईंनी आमच्या दुकानात येऊन लुगड्याचा रंग गेल्याचे ऐकविले. गिऱ्हाइकांसमोर आम्हाला ते बोचले. पण त्यांच्यामुळेच तो माल आम्ही फळीवरून उतरविला. त्याआधी तोच माल नेलेली काही गिऱ्हाइके पुन्हा दिसलीच नाहीत. का, ते आम्हाला तेव्हा समजले. बोलणारे गिऱ्हाईक दुकान वाचविते, गप्प बसणारे निघून जाते.

बापाने पै-पै साठवून दिलेल्या पैशातून एखादा मुलगा गिटार घेत असेल. आपल्या दोन खऱ्या ओळींनी त्याचे पैसे वाचत असतील, तर त्या दडवून ठेवू नयेत. खरी गवाही ही अमानत आहे. ती ज्याची त्याला पोहोचवावी.