केसाळ शेवाळ व त्याची शिदोरी



आपलें आखाडा बाळापूर समुद्रापासून शेंकडों किलोमीटर दूर. आपणांपैकीं पुष्कळांनीं समुद्र अद्याप पाहिलेलाहि नसेल. तरी आज मी खाऱ्या पाण्याच्या एका काचपेटीची हकीकत सांगणार आहें. कारण तिच्यांतील बोध आपल्या हौदाला, नदीला आणि शेताला सारखाच लागू पडतो.

गेल्या दिवाळींत शाळेचा एक माजी विद्यार्थी मला भेटावयास आला. तो हळद पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. आतां मुंबईस नोकरीस असतो. शाळेच्या सहलींत त्यानें मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय पाहिलें होतें. १९५१ सालीं उघडलेल्या त्या मत्स्यालयानें ज्या असंख्य मुलांना समुद्री माशांचें वेड लाविलें, त्यांतलाच हा एक. पगार सुरू होतांच त्यानें घरीं खाऱ्या पाण्याची पेटी मांडली. पहिले कांहीं महिने ती शोभिवंत होती. पुढें दगडांवर हिरवे केस उगवले, बोटभर वाढले, आणि जिवंत प्रवाळांचे तुरे त्यांखालीं दिसेनासे झाले. दर रविवारीं तो ते उपटी. पुढच्या रविवारीं ते पुन्हा हजर. मोबाईलवरील छायाचित्र दाखवून तो म्हणाला, "सर, बाबा पिकावर मोरचूद फवारतात. चिमूटभर पेटींत टाकूं का?"

तो प्रश्न ऐकून मी चपापलों; कारण ती चूक मीं स्वतः केलेली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षीं मी जेथें होतों, तेथील बागेच्या हौदावर हिरव्या धाग्यांचा थर आला होता. मुलांसमोर विद्वत्ता मिरवावी म्हणून मीं त्यांत मोरचूद टाकला. दोन दिवसांत हिरवें पिवळें झालें. मुलांनीं टाळ्या पिटल्या. तिसऱ्या दिवशीं सकाळीं हौदांतील मासे पोट वर करून तरंगत होते. तांब्याचें विष पाण्यांत होतेंच, आणि मेलेलें शेवाळ कुजतांना पाण्यांतील प्राणवायु संपवीत होतें. महिन्याभरानें शेवाळ परत आलें; मासे आले नाहींत. त्या दिवशीं टाळ्या पिटणाऱ्या मुलांकडे मला वर मान करून पाहवेना.

खाऱ्या पेटींत तर हा उपाय अधिकच घातक होय. गोगलगाय, खेंकडा व प्रवाळ यांना अत्यल्प तांबेंहि मारक ठरतें, आणि तें चुनखडीच्या दगडांत मुरून पुढें दीर्घकाळ पाझरत राहतें.

मग करावें काय? प्रथम शत्रूची ओळख करून घ्यावी. ज्याला केसाळ शेवाळ म्हणतात तें एकाच जातीचें नसतें. डर्बेसिया व ब्रायोप्सिस ह्या त्यांतल्या दोन नेहमींच्या जाति. त्यांना खरें मूळ नाहीं, खोड नाहीं, पान नाहीं. धागा सर्वांगानें पाण्यांतून अन्न शोषतो. प्रकाश, कार्बन वायु, नायट्रेट आणि फॉस्फेट ही त्याची मुख्य शिदोरी. शेतकऱ्यांच्या मुलांना शेवटचीं दोन नांवें परकीं वाटूं नयेत. युरिया व डी.ए.पी.च्या पोत्यांतून आपण पिकाला जें नत्र व स्फुरद देतों, त्यांचींच हीं रूपें.

बंद पेटींत हें खत घालतो कोण? मालकच. माशांना टाकलेलें अन्न उरलें तर कुजतें, खाल्लें तर विष्ठेच्या रूपानें पाण्यांत उतरतें. अफाट समुद्रांत तें विरून जातें. पेटींतून तें जाणार कोठें? शिवाय पेटींतील पाणी रोज थोडें थोडें वाफ होऊन उडतें. त्या जागीं नळाचें वा बोअरचें पाणी ओतीत गेलें, तर पाणी उडतें पण त्यांत विरघळलेले पदार्थ मागें राहून साठत जातात.

"पण सर, मीं पाण्याची परीक्षा केली. फॉस्फेट शून्य आहे," तो म्हणाला. येथेंच पुष्कळांची फसगत होते. तणानें माजलेल्या वावराच्या मातींत खत कमी आढळलें, तर खत पडलेंच नव्हतें असें म्हणावें काय? तें तणाच्या पोटांत गेलेलें असतें. पेटींतहि शेवाळ फॉस्फेट येतांच गिळतें, म्हणून पाणी निर्दोष दिसतें. शिवाय फॉस्फेट दगडांनाहि चिकटून बसतें आणि पाणी सुधारूं लागलें कीं हळूहळू सुटूं लागतें. यास्तव परीक्षेचा आंकडा वाचावा, पण दगडाकडेहि पाहावें.

हें ध्यानांत आल्यावर उपाय क्रमानें सुचतात. पहिला उपाय हातानें उपटणें हाच. मात्र उपटलेला धागा पेटींत सुटूं देऊं नये, नळीनें पाण्याबरोबर बाहेर ओढून घ्यावा. तुटका तुकडा पुन्हा रुजतो. आणि धागा बाहेर गेला तरच त्यानें खाल्लेलें खत बाहेर जातें. दुसरा, मासे दोन मिनिटांत संपवितील तेवढेंच अन्न घालावें. तिसरा, दर आठवड्यास सुमारें दहावा हिस्सा पाणी बदलावें. नवें पाणी आर.ओ. यंत्राच्या शुद्ध पाण्यांत दर लिटरास सुमारें ३५ ग्रॅम समुद्री मीठ मिसळून करावें. वाफ झालेल्या पाण्याची भर मात्र बिनमिठाच्या शुद्ध पाण्यानेंच घालावी, कारण मीठ उडून जात नाहीं. चौथा, दिवा रोज आठ तासांहून अधिक जाळूं नये. पांचवा, काट्यानें काटा काढावा: शेजारच्या लहान कप्प्यांत कीटोमॉर्फा नांवाचें दुसरें शेवाळ दिव्याखालीं मुद्दाम वाढवावें व वेळोवेळीं कापून फेंकावें. तें जेवढें खाईल तेवढें केसाळ शेवाळाच्या वांट्याचें कमी होईल. परंतु पाणी अगदीं निःसत्त्वहि करूं नये. थोडें पोषण प्रवाळालाहि लागतेंच.

सहावा उपाय चरणाऱ्यांचा. ट्रोकस व टर्बो ह्या समुद्री गोगलगाई आणि साळिंदरासारखे कांटे असलेला सी-अर्चिन हे शेवाळावर चरतात. लांब वाढलेले केस त्यांना सहसा आवरत नाहींत. म्हणून आधीं उपटावें, मग कोंवळें फुटेल तें त्यांनीं खावें.

ह्या चरणाऱ्यांचें मोल केवढें आहे, याचा धडा जगाला कॅरिबियन समुद्रांत मिळाला. तेथें अति मासेमारीनें शेवाळ खाणारे मासे आधींच विरळ झाले होते. १९८३ सालीं एका सांथीला सुरुवात झाली व लांब काळ्या कांट्यांचे बहुतेक सर्व सी-अर्चिन वर्षभरांत मेले. वादळांनीं मोडलेल्या प्रवाळावर शेवाळ पसरलें, आणि जमैकाच्या किनाऱ्यावर निम्म्याहून अधिक तळ झांकणारें जिवंत प्रवाळ १९९० नंतरच्या कांहीं वर्षांत पांच टक्क्यांहूनहि कमी उरलें. आपल्या महाराष्ट्रांतहि मालवणजवळ प्रवाळ आहे. तेथील सागरी अभयारण्य १९८७ सालीं जाहीर झालें. त्याची काळजी वाहतांना जमैकाची गोष्ट विसरून चालणार नाहीं.

असो. माझ्या विद्यार्थ्यानें मोरचूद टाकला नाहीं. पहिल्या महिन्यांत कांहींच फरक दिसेना, तेव्हां त्यानें पेटी विकून टाकण्याचें मनांत आणिलें होतें. "अजून एक महिना थांब," एवढेंच मीं त्याला सांगितलें. होळीच्या सुमारास त्याचें नवें छायाचित्र आलें: दगड उघडे झाले होते, प्रवाळाचे तुरे पुन्हा डोलत होते, एका कोपऱ्यांत मात्र हिरवा ठिपका होता. खालीं लिहिलें होतें, "सर, एवढें गोगलगाईंसाठीं ठेविलें आहे."

मुलांनो, आतां तुम्हीं एक प्रयोग करा. एक-एक लिटरच्या तीन पारदर्शक बाटल्यांत कयाधूच्या डोहाचें हिरवट पाणी घ्या. पहिलींत कांहीं घालूं नका. दुसरींत व तिसरींत डी.ए.पी.चा एकेक दाणा टाका. तिसरी काळ्या कापडानें गुंडाळा. तिन्ही बाटल्या पंधरा दिवस खिडकींत ठेवा आणि रोज दिसेल तें वहींत टिपा. पालकांनाहि त्या बाटल्या दाखवा. बांधावरून वाहून गेलेलें खत नदींत काय करतें, तें त्यांना घरबसल्या दिसेल.

मीं तीस मुलांसमोर चूक केली होती. तिचा खरा धडा मला फार उशिरां कळला: नको असलेलें कांहीं वाढूं लागलें, तर त्याला मारण्याचें औषध शोधण्यापूर्वीं त्याला रोज जेवूं कोण घालतें, हें पाहावें.