साक्षीच्या पिंजऱ्यात गप्प बसता येते काय?

उधारीच्या दाव्यात व्यापारी साक्षीला उभा राहतो. उलटतपासणीत प्रश्न येतो, ‘तुम्ही दोन चोपड्या ठेवत होता काय?’ गुन्हा अंगावर येईल म्हणून गप्प बसता येते काय? नाही. घटनेच्या कलम २०(३) चे संरक्षण आरोपीला आहे. साक्षीदाराला दाव्याशी संबंधित प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते. मात्र १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १३७ (१८७२ च्या कायद्यात १३२) सांगते की, सक्तीने द्यावे लागलेले उत्तर फौजदारी खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. अपवाद एकच, खोट्या साक्षीचा खटला. तेव्हा बांधवांनो, आधी हरकत नोंदवा, मग खरे तेच सांगा. कैफियतीत आपणहून लिहिलेल्या कबुलीला हे कवच नाही. सही करण्यापूर्वी ती वकिलाकडून नीट समजून घ्या.