मातींतील किरणोत्सर्ग आणि धुळीचा श्वास

भीमा व घोड नद्यांच्या कांठीं, शिरूर व दौंड तालुक्यांत, रब्बी ज्वारीच्या मळणीस धुळीचे लोट उठतात. १९८६ सालीं चेर्नोबिल येथें व २०११ सालीं फुकुशिमा येथें शेतजमिनी किरणोत्सर्गी द्रव्यानें दूषित झाल्या, तेव्हां आपल्या धुळींत असें कांहीं असल्यास श्वासावाटें किती अपाय होईल, हा प्रश्न शेतकऱ्यास पडणें साहजिक आहे.

आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. नजरेनें केलेली आणेवारी वादांत टिकत नाहीं. पीक कापून वजनच करावें लागतें. येथेंहि तोच न्याय. चार गोष्टी मोजाव्या : (१) एक किलो मातींतील द्रव्य, (२) एक घनमीटर हवेंतील धूळ, (३) तासास ओढलेली हवा, (४) धुळींतले तास. यांचा गुणाकार म्हणजे श्वासाबरोबर आंत गेलेलें द्रव्य. पैकीं पहिली गोष्ट रंगानें वा वासानें कळत नाहीं. नमुना प्रयोगशाळेंतच तपासावा लागतो.

उदाहरण घेऊं. सेकंदास एक परमाणु फुटला म्हणजे एक बेकरेल. जगांतील सामान्य मातींत युरेनियम किलोस सुमारें ३५ बेकरेल असतें. घनमीटर हवेंत ५ मिलिग्राम धूळ, ती सर्व मातीचीच, व तासास सव्वा घनमीटर हवा धरली, तर आठ तासांत ५० मिलिग्राम धूळ होते. तींत युरेनियम ०.००२ बेकरेलहूनहि कमी भरतें. शिवाय आपल्या काळ्या पाषाणांत तें ग्रॅनाइटापेक्षां कमीच असतें. केरळांत कोल्लमच्या किनाऱ्यावरील वाळूंत मात्र थोरियम पुष्कळ. तेथें पहिलाच आंकडा मोठा येतो. फुकुशिमाच्या शेतांतून मातीचा वरचा सुमारें ५ सेंटिमीटर थर खरवडून काढला, तो हाच आंकडा उतरविण्यासाठीं.

तेव्हां केवळ अफवेनें जमीन टाकूं नये. परंतु हिशेब येथें संपत नाहीं. मळणीच्या धुळींत भुशाचे व बुरशीचे सूक्ष्म कण असतात. फुप्फुसास आपल्याकडे खरें भय त्यांचें आहे. यास्तव दुसरा व चौथा आंकडा उतरवावा. वारा पाठीवर घेऊन उभें राहावें, यंत्राजवळील माणसें पाळीपाळीनें बदलावीं, कुजकें वैरण कोंडलेल्या जागीं झाडूं नये. उपरण्यांतून बारीक कण सहज जातात. चेहऱ्यास घट्ट बसणारी धूळरोधक मुखपट्टी बांधावी. एवढी काळजी आपल्या हातांतली आहे. ती घेण्यास प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाहीं.