दोन डोळ्यांचे जग

प्रस्तावना

मडके विकत घेताना ते वाजवून पाहण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. नुसत्या दिसण्यावर भुलू नये, हा त्यामागील व्यवहार. परंतु जी वस्तू डोळ्यांना भुलवण्यासाठीच बनवलेली आहे, ती वाजवून कशी पाहायची? घरगुती संगणकाला जोडून डोळ्यांवर चढवायचा 'आभासी वास्तवा'चा हेडसेट ही अशीच वस्तू आहे. ती डोळ्यांना कशी भुलवते हे समजले, तरच ती आपल्या उपयोगाची आहे की नाही हे ठरवता येते. या पाठात या यंत्राची ओळख करून दिली आहे आणि ते विकत घेण्यापूर्वी करावयाचा विचारही मांडला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला
• दोन डोळ्यांमुळे खोली कशी जाणवते हे सांगता येईल;
• हेडसेटमागील विज्ञान व त्याचा इतिहास थोडक्यात स्पष्ट करता येईल;
• महागडी वस्तू घेण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारावेत हे ठरवता येईल.

मूळ पाठ

१. एका घरातील प्रश्न

पंजाबातील मोहाली जिल्ह्यात, चंडीगडहून अंबाल्याकडे जाणाऱ्या महामार्गावर डेराबस्सी हे गाव आहे. तेथे औषधांचे व रसायनांचे अनेक कारखाने आहेत. समजा, अशाच एका कारखान्यात नोकरी करणारे एक मराठी कुटुंब तेथे राहते. घरात आई, वडील, तंत्रनिकेतनात शिकणारा मुलगा आणि पंढरपूरहून आलेली आजी आहे. दिवाळीला वडिलांच्या हाती बोनस पडतो. मुलाचे म्हणणे असे, की त्या पैशांतून हेडसेट घ्यावा. यंत्रांचे भाग आतून पाहता येतील, अभ्यासाला मदत होईल. वडिलांच्या मनात मात्र आजीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा खर्च आहे. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, दुसऱ्याची व्हायची आहे. पैसा एकच आणि गरजा दोन, अशी ही अडचण आहे. ती मुलाच्या हट्टाने सुटणारी नाही, तशीच वडिलांच्या नकारानेही सुटणारी नाही. त्यासाठी माहिती हवी.

२. दोन डोळे, दोन चित्रे

एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा. दोरा पुन्हा पुन्हा नेढ्याच्या अलीकडे तरी जातो किंवा पलीकडे तरी. दोन्ही डोळे उघडले की काम सोपे होते. याचे कारण असे, की माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये साधारणतः सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतर असते. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला समोरची वस्तू किंचित वेगळ्या बाजूने दिसते. मेंदू ही दोन चित्रे एकत्र करतो आणि त्यांतील फरकावरून कोणती वस्तू जवळ, कोणती दूर हे ओळखतो.

चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये ही गोष्ट सप्रयोग मांडली. त्याने दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी सपाट चित्रे आरशांच्या साहाय्याने दाखवली. पाहणाऱ्याला सपाट कागदावर खोली दिसू लागली. या उपकरणाला स्टिरिओस्कोप असे नाव मिळाले. पुढे डेव्हिड ब्रूस्टरने १८४९ मध्ये आरशांऐवजी भिंगे वापरून ते सुटसुटीत केले.

महाराष्ट्रातही प्रकाश आणि भिंगे यांचा खेळ नवा नव्हता. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये 'शांबरिक खरोलिका' लोकांसमोर आणली. काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर मोठी करून दाखवण्याचा हा प्रयोग होता. तेथे चित्र दूर पडद्यावर असे आणि प्रेक्षक आपल्या जागी बसलेला असे. हेडसेटमध्ये हे अंतरच उरत नाही. प्रेक्षक चित्राच्या आत उभा असल्यासारखा होतो.

३. भिंगापासून हेडसेटपर्यंत

शाळेच्या विज्ञानात 'आभासी प्रतिमा' हा शब्द येतो. बहिर्वक्र भिंग वस्तूच्या अगदी जवळ धरले, की वस्तू मोठी आणि अधिक दूर असल्यासारखी दिसते. हेडसेटमध्ये हेच घडते. डोळ्यांपासून काही सेंटिमीटरवर असलेला पडदा एरवी स्पष्ट दिसलाच नसता. मधल्या भिंगांमुळे तो साधारणतः एक-दोन मीटरवर असल्यासारखा भासतो.

या विद्येची दोन ठाणी डेराबस्सीच्या दोन्ही बाजूंना आहेत. अंबाल्यात तयार झालेले सूक्ष्मदर्शक, लोलक आणि भिंगे देशभरातील शाळांच्या प्रयोगशाळांत पोचलेली आहेत. चंडीगडमध्ये केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना आहे. तिची स्थापना १९५९ मध्ये झाली. 'तेजस' या भारतीय लढाऊ विमानासाठी वैमानिकाच्या डोळ्यांसमोरील दर्शक याच संस्थेने विकसित केला. त्यात विमानाचा वेग व उंची यांचे आकडे समोरच्या काचेवर उमटतात, पण भिंगांच्या योजनेमुळे ते अतिशय दूर असल्यासारखे दिसतात. त्यामुळे वैमानिकाची नजर आकाशावरून हलत नाही. चित्र जवळ असून दूर भासवणे, हे सूत्र दोन्ही उपकरणांत समान आहे. वैमानिकाला मात्र खरे आकाशही दिसत असते. हेडसेट घालणाऱ्याला खरी खोली दिसेनाशी होते.

डोके वळवले की चित्रही वळले पाहिजे, ही या यंत्राची दुसरी अट. अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी १९६८ मध्ये असे उपकरण करून दाखवले. ते इतके जड होते, की छताला टांगावे लागे. त्यात रेषांनी बनलेल्या साध्या आकृत्याच दिसत. १९९५ मध्ये जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 'व्हर्च्युअल बॉय' हे खेळाचे यंत्र आणले. त्यात फक्त लाल रंगाची चित्रे होती आणि ते लवकरच बाजारातून गेले.

पुढे भ्रमणध्वनीचा प्रसार झाला आणि लहान पडदे व हालचाल ओळखणारे संवेदक स्वस्त झाले. याचा लाभ घेऊन पामर लकी या तरुणाने ओक्युलस रिफ्टचा आराखडा तयार केला. २०१२ मध्ये लोकांकडून आगाऊ वर्गणी घेऊन त्यासाठी सुमारे चोवीस लाख डॉलर जमले. २०१४ मध्ये फेसबुकने ही कंपनी विकत घेतली आणि मार्च २०१६ मध्ये ५९९ डॉलरला रिफ्ट ग्राहकांच्या हाती आला. त्याच वर्षी एचटीसी वाइव्ह हा हेडसेट आला. २०१७ मध्ये भारतात त्याची किंमत ९२,९९० रुपये होती. त्यात संगणकाची किंमत धरलेली नव्हती.

४. अनुभव घेऊन पाहणे

डेराबस्सीच्या कुटुंबाकडे पुन्हा वळू. वडील एक अट घालतात : "आधी वापरून पाहू, मग बोलू." मुलाचा एक मित्र आपला हेडसेट रविवारी घेऊन येतो. त्याचा संगणकही सोबत आणावा लागतो, कारण घरच्या संगणकावर हेडसेट चालत नाही.

मुलगा प्रथम आकाशपाळण्याचा खेळ लावतो. दोन मिनिटांतच त्याला मळमळू लागते. घाटात गाडी लागते, तसाच हा प्रकार आहे, फक्त उलट्या बाजूने. गाडीत पुस्तक वाचताना अंतर्कर्णाला हालचाल कळते, पण डोळ्यांसमोरचे पान स्थिर असते. येथे डोळ्यांना हालचाल दिसते, पण शरीर खुर्चीत स्थिर असते. मेंदूला मिळणाऱ्या दोन बातम्या जुळत नाहीत आणि जीव घाबरतो. मान वळवल्यावर चित्र उशिरा वळले तरी असाच त्रास होतो. म्हणूनच २०१६ च्या त्या दोन्ही यंत्रांत दर सेकंदाला नव्वद वेळा चित्र बदलत असे, तेही प्रत्येक डोळ्यासाठी वेगळे. एवढे काम साध्या संगणकाला झेपत नाही. त्यासाठी समर्थ ग्राफिक्स कार्ड लागते.

नंतर मुलगा इंजिनाची प्रतिकृती उघडतो. दट्ट्या वरखाली होताना तो वाकून, बाजूने, खालून पाहतो. पुस्तकातील आकृतीत जे कळले नव्हते, ते येथे कळते. वडीलही थक्क होतात. पण भागांची बारीक अक्षरांतील नावे मात्र अस्पष्ट दिसतात. निरोगी डोळा एका अंशाच्या कोनात सुमारे साठ ठिपके वेगळे ओळखू शकतो. २०१६ च्या यंत्रांत एका अंशात दहा-बारा चित्रबिंदूच येत. २०२३ च्या मेटा क्वेस्ट ३ मध्ये ते सुमारे पंचवीस झाले. सुधारणा मोठी आहे, पण पुस्तकाची जागा घेण्याइतकी नाही.

शेवटी नातू आजीला चंद्रभागेच्या वाळवंटाचे चित्रीकरण दाखवतो. "आजी, खुर्ची सोडू नकोस," असे म्हणून तो तिच्या पाठीशी उभा राहतो. आजी मान वळवत राहते. घाट, होड्या, पलीकडचा काठ. तिचे हात आपोआप जोडले जातात. थोड्या वेळाने ती हेडसेट काढून ठेवते आणि म्हणते, "पाणी दिसलं रे, पण पाय भिजले नाहीत. आणि सगळं चित्रासारखंच वाटलं."

मुलाला वाटते, आजीला यंत्र आवडले नाही. वडील मात्र विचारात पडतात. आजीच्या एका डोळ्यावर अजून पडदा आहे. दोन्ही डोळ्यांची चित्रे जुळली नाहीत, तर खोली जाणवणार कशी? जे हेडसेटमध्ये घडले, तेच जिना उतरताना आणि चहा ओतताना रोज घडत असणार.

५. विकत घेण्यापूर्वी

त्या रात्री मुलगा आणि वडील एका कागदावर प्रश्न लिहून काढतात.

पहिला प्रश्न, एकूण खर्च किती? केवळ हेडसेटची किंमत पुरेशी नाही. संगणकात ग्राफिक्स कार्ड घालावे लागेल काय, हे पाहिले पाहिजे. संगणकाशिवाय स्वतंत्रपणे चालणारे हेडसेटही मिळतात. त्यांचीही तुलना करावी.

दुसरा प्रश्न, ते सर्वांच्या डोळ्यांना जुळते का? भिंगांमधील अंतर बाहुल्यांमधील अंतराशी जुळले नाही, तर डोळे शिणतात. चष्मा आत बसतो की नाही, हेही पाहावे. लहान मुलांसाठी उत्पादकांनी वयाची अट घातलेली असते, ती पाळावी.

तिसरा प्रश्न, जागा आहे का? उभे राहून फिरण्यासाठी वाइव्हला किमान दोन मीटर लांब व दीड मीटर रुंद मोकळी जागा लागे. छत बुटके असेल, तर वर उचललेला हात पंख्याला लागू शकतो.

चौथा प्रश्न, ते किती वर्षे चालेल? २०२३ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टने 'विंडोज मिक्स्ड रिअॅलिटी' ही प्रणाली बंद करण्याचे जाहीर केले आणि २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या आवृत्तीतून ती काढून टाकली. तिच्यावर अवलंबून असलेले धडधाकट हेडसेट त्या आवृत्तीसोबत चालेनासे झाले. यंत्र मोडले नाही, तरी त्याचा आधार निघून जाऊ शकतो.

पाचवा प्रश्न, ते सांभाळता येईल का? भिंगाने ऊन एकवटून कागद जाळण्याचा खेळ सर्वांना ठाऊक आहे. हेडसेटची भिंगे उन्हाकडे तोंड करून राहिली, तर त्याच रीतीने आतला पडदा जळून त्यावर कायमचा डाग पडतो. म्हणून तो खिडकीत किंवा गच्चीवर ठेवू नये.

कागद भरल्यावर मुलगा स्वतःच म्हणतो, "बाबा, आधी आजीचा डोळा करू. इंजिन मला मित्राकडे जाऊन पाहता येईल. पुढच्या वर्षी ग्राफिक्स कार्ड घेऊ, त्याचा अभ्यासालाही उपयोग होईल. हेडसेटचं मग बघू."

या निर्णयात नव्या यंत्राचा तिरस्कार नाही. धोकादायक कामाचे प्रशिक्षण, वैमानिकांचा सराव, वैद्यकीय शिक्षण अशा अनेक ठिकाणी आभासी वास्तव उपयोगी पडत आहे. पण वस्तू चांगली असणे वेगळे आणि ती आज आपल्या घरात येणे योग्य असणे वेगळे. त्या कुटुंबाने यंत्र वापरून पाहिले, म्हणूनच त्यांना यंत्राचे मोल कळले. आणि दोन धड डोळ्यांचे मोलही कळले.

शब्दार्थ

नेढे – सुईचे छिद्र. लोलक – प्रकाशाचे पृथक्करण करणारी त्रिकोणी काच. संवेदक – हालचाल, उष्णता इत्यादी ओळखणारा भाग. दट्ट्या – इंजिनाच्या नळकांड्यात वरखाली होणारा भाग. अंतर्कर्ण – कानाचा सर्वांत आतील भाग. येथेच शरीराचा तोल सांभाळला जातो. वाळवंट – (येथे) नदीकाठची वाळूची जागा.

पाठगत प्रश्न

१. एक डोळा मिटल्यावर सुईत दोरा ओवणे कठीण का जाते?
२. वैमानिकाच्या दर्शकात आणि हेडसेटमध्ये कोणते साम्य व कोणता भेद आहे?
३. 'गाडी लागणे' आणि हेडसेटमुळे मळमळणे यांतील फरक लिहा.

आपण काय शिकलो

• दोन डोळ्यांना मिळणाऱ्या किंचित वेगळ्या चित्रांमुळे खोली जाणवते.
• हेडसेटमधील भिंगे जवळचा पडदा दूर असल्याचा भास निर्माण करतात.
• वस्तूची किंमत ठरवताना पूरक खर्च, आरोग्य, जागा, टिकाऊपणा व निगा यांचाही विचार करावा लागतो.

स्वाध्याय

१. 'पाणी दिसलं रे, पण पाय भिजले नाहीत' या आजीच्या उद्गारातून तुम्हाला काय जाणवते ते आठ-दहा ओळींत लिहा.
२. मुलाचा निर्णय तुम्हाला पटतो का? सकारण लिहा.
३. तुमच्या घरात नुकत्याच घेतलेल्या एखाद्या वस्तूला पाठातील पाच प्रश्न लावून पाहा आणि तुमचे निष्कर्ष लिहा.