उताऱ्याची राखण

संगणकातील माहितीच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे कुलूप येते. माहिती कोंडून ठेवली म्हणजे ती सुरक्षित, असा सर्वसाधारण समज आहे. कचेरीच्या कामाला तो पुरत नाही. तेथे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात : माहिती कोणी पाहावी, आणि ती कोणी बदलावी? याचे उदाहरण आपल्या निपाणी-चिक्कोडी भागातील प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी आहे. ते म्हणजे जमिनीचा उतारा.

पूर्वी हे दप्तर तलाठ्याजवळ असे. (१९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो, त्यामुळे हा शब्द आपल्या तोंडी राहिला.) वाचणारे तेच आणि लिहिणारेही तेच. रकान्यात भलतेच नाव शिरले, तर मूळ मालकाला त्याचा पत्ता कर्ज काढायला गेल्यावर लागायचा.

२००० च्या सुमारास कर्नाटक सरकारच्या 'भूमी' योजनेने सुमारे ६७ लाख खातेदारांचे दोन कोटी उतारे संगणकावर आणले. तालुक्याच्या कचेरीत १५ रुपये भरले की कोणाचाही उतारा कोणालाही मिळू लागला. वाचण्याचे दार असे सताड उघडले. लिहिण्याचे मात्र अरुंद केले. फेरफाराचा अर्ज आला की त्याला क्रमांक पडे, आणि आधीचा अर्ज आधी निकालात निघे. ओळखीच्या माणसाचे काम मध्येच घुसवू म्हटले तर यंत्रणाच अडवी. हरकतींसाठी ३० दिवसांची मुदत असे. नोंद करणाऱ्याची ओळख बोटाच्या ठशाने पटवली जाई. परवलीचा शब्द शेजारच्याला सांगता येतो. टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहून ठेवलेलाही मी पाहिला आहे. बोट सहसा उसने देता येत नाही. त्यामुळे 'ही नोंद मी केलीच नाही' म्हणण्याची सोय उरली नाही.

परवानगी नेमकी कोण देतो, याकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, हे पुण्याच्या कॉसमॉस बँकेत ११ ऑगस्ट २०१८ रोजी दिसले. एटीएमकडून आलेली विचारणा बँकेच्या मुख्य संगणकापर्यंत पोचण्याआधीच चोरांच्या बनावट यंत्रणेने तिला होकार दिला. बहुतांश रक्कम परदेशातील एटीएममधून निघाली. १३ ऑगस्टला आणखी रक्कम हाँगकाँगला वळवली गेली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले.

'भूमी'लाही मर्यादा आहे. नोंद कोणी व केव्हा केली एवढे यंत्र सांगते. ती खरी की खोटी, हे त्याला कळत नाही. जुन्या वहीतील चूक संगणकात आली तर ती नीटनेटकी छापून येते, एवढाच फरक. ती पकडणारा शेवटी खातेदारच. आपल्या सीमाभागाची अडचण येथे आहे. उतारा कन्नडमध्ये, आणि आमच्या घरातील वडीलधाऱ्यांना कन्नड लिपी येत नाही. तो मीच वाचून दाखवतो. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी ते सताड उघडे दारही बंदच. माझ्या मते उतारा मराठीतही मिळावा, ही मागणी भाषेच्या अभिमानाइतकीच राखणीचीही आहे. तोवर या अंकाच्या दोन्ही विभागांतील मित्रांनी आपापल्या गल्लीत एवढे करता येईल : वर्षातून एकदा शेजाऱ्यांचे उतारे काढून आणावेत आणि खातेदाराचे नाव, क्षेत्र, फेरफार क्रमांक व बोजा हे चार रकाने त्यांना मोठ्याने वाचून दाखवावेत. बोजाचा रकाना विशेष सावकाश वाचावा. फेडलेले कर्ज कित्येकदा तेथे तसेच राहिलेले असते.